हाताची घडी सोडविणारी शिक्षिका : डॉ. मारिया मॉन्टेसरी

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा ज्याने कधी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. बालवर्गातील पहिला धडा म्हणजे हात बांधून बसणे, असा जणू आपल्याकडे संकेतच होता. तीन-चार वर्षांच्या मुलाची बुद्धी त्याच्या हातांतून वाढते, तेव्हा हात बांधणे म्हणजे बुद्धी बांधणे होय, ही गोष्ट ज्या स्त्रीने जन्मभर जगाला सांगितली तिचे नाव आज गावोगावच्या बालशाळांच्या पाट्यांवर दिसते. मात्र ‘मॉन्टेसरी’ हे एका बाईंचे आडनाव आहे, त्या इटलीतील कॅथलिक कुटुंबात जन्मल्या, शिक्षणाने डॉक्टर होत्या आणि त्यांच्या जीवनातील सर्वांत खोल जखमेवर फुंकर घातली गेली ती आपल्या देशात, हे ठाऊक असलेले पालक आम्हांला क्वचितच भेटतात. म्हणून डॉ. मारिया मॉन्टेसरी यांची जीवनकहाणी वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अंकोना शहरानजीकच्या क्याराव्हाल्ले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी नोकरीतील जुन्या वळणाचे गृहस्थ होते. आई रेनिल्दे ह्यांना वाचनाची मोठी आवड. १८७५ साली हे कुटुंब रोमला स्थायिक झाले. मुलीने शिक्षिका व्हावे अशी आईवडिलांची इच्छा होती, कारण त्या काळी शिकलेल्या मुलीला तेवढीच एक वाट मोकळी असे. मारिया यांनी नेमके तेच नाकारले. तेराव्या वर्षी त्या मुलांच्या तांत्रिक शाळेत दाखल झाल्या आणि पुढे वैद्यकशास्त्राकडे वळल्या. वडिलांना हे रुचले नाही; आई मात्र लेकीच्या पाठीशी उभी राहिली. शवविच्छेदनाच्या वेळी तरुण पुरुषांसोबत एका मुलीने उभे राहणे अशोभनीय मानले जाई, म्हणून तो अभ्यास त्यांना संध्याकाळी, सारे निघून गेल्यावर, मृतदेहांच्या सोबतीने एकटीने करावा लागे. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक होत.

रोमच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करीत असताना त्यांनी तेथील वेड्यांच्या इस्पितळांत डांबलेली मतिमंद म्हणून गणली गेलेली मुले पाहिली. असे सांगतात की, जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण वेचीत बसत आणि सांभाळणारी बाई त्यांच्या हावरटपणाबद्दल नाक मुरडी. मारिया यांना वेगळेच दिसले. त्या उघड्याबोडक्या खोलीत हाताळायला दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांची भूक पोटाची नव्हती, हातांची होती. मग त्यांनी इतार आणि सेगें या दोन फ्रेंच वैद्यांचे जुने ग्रंथ शोधून काढले आणि सेगेंचा जाडजूड ग्रंथ तर इटालियनमध्ये भाषांतरित करून स्वहस्ते लिहून काढला. लाकडाचे तुकडे, मणी, बटणे, कोरलेली अक्षरे अशी साधने मुलांच्या हाती दिली. काही काळाने यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या सरकारी परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक थक्क झाले. डॉक्टरबाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुले इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा असे काय करतात की तीही इथेच थांबावीत?

याच वर्षांत त्यांच्या खाजगी जीवनात एक मोठे दुःख घडले. सहकारी डॉक्टर ज्युसेप्पे मॉन्टेसानो यांच्यापासून त्यांना ३१ मार्च १८९८ रोजी मारियो हा पुत्र झाला. विवाह झालेला नव्हता. विवाह केला असता तर त्या काळच्या रीतीप्रमाणे व्यवसाय सोडावा लागला असता. न करता मूल जवळ ठेवले असते तर समाजाने त्यांना उभे राहू दिले नसते. बाळ रोमबाहेरच्या खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढण्यास ठेवण्यात आले. पुढे मॉन्टेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी लग्न केले, आणि मारिया यांनी दोघे मिळून चालवीत असलेली संस्था सोडली. अधूनमधून त्या गावी जात, मुलाला पाहून येत. परंतु आपण कोण हे त्याला सांगत नसत. साऱ्या जगाच्या मुलांवर लिहिणाऱ्या ह्या बाईंच्या चरित्रातील हे पान अनेकांना खुपते. आम्हांस त्याचा निवाडा करावासा वाटत नाही. एवढे खरे की, पुढील सारे कार्य एका दुरावलेल्या मुलाच्या सावलीत घडले आहे.

६ जानेवारी १९०७ हा त्यांच्या कार्याचा खरा प्रारंभदिन. त्या दिवशी प्रभूच्या प्रकटीकरणाचा, म्हणजेच तीन राजांचा सण होता, आणि ह्या योगायोगाचे त्यांना स्वतःलाही अप्रूप वाटे. रोमच्या सान लोरेन्झो ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत एका इमारत कंपनीने चाळवजा घरे दुरुस्त करून भाड्याने दिली होती. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली तीन ते सहा वर्षांची मुले जिने आणि भिंती खराब करीत. भिंती वाचाव्यात म्हणून मुलांना एका खोलीत गोळा करण्याचे ठरले आणि देखरेखीसाठी डॉ. मॉन्टेसरी यांना बोलावण्यात आले. म्हणजे जगप्रसिद्ध ‘बालकांचे घर’ सुरू झाले ते रंगसफेदी वाचविण्याच्या हिशेबातून! सुमारे पन्नास मुले, आणि शिक्षणशास्त्राचे कसलेही प्रशिक्षण नसलेली एक तरुणी सांभाळायला.

तेथे काय घडले ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. डॉक्टरबाईंनी मतिमंद मुलांसाठी बनविलेली साधने तेथे आणून ठेवली, शिवाय कोणी भेट दिलेली खेळणीही होती. काही दिवसांतच मुले खेळण्यांकडे पाठ फिरवून साधनांशीच रमू लागली. एक तीनेक वर्षांची मुलगी लाकडी ठोकळ्यातील लहानमोठे दट्टे काढून पुन्हा आपापल्या भोकांत बसवीत होती. बाईंनी तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, इतर मुलांना गाणी म्हणायला लावली. तिचे लक्ष ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच केले आणि मग, झोपेतून ताजेतवाने उठावे तसे, प्रसन्न मुद्रेने इकडेतिकडे पाहिले. लहान मूल चंचल असते, त्याचे चित्त दोन मिनिटेही एका जागी राहत नाही, असे आपण सारेच म्हणतो. हातांना योग्य काम मिळाले की चित्त आपोआप थांबते, हे त्या दिवशी दिसले.

दुसरा प्रसंग शेंबडाचा. वस्तीतील मुलांना नाकावरून सारखे रागावून घ्यावे लागे. बाईंनी एके दिवशी रुमालाने नाक हळूच, आवाज न करता, कसे पुसावे हे गंभीरपणे करून दाखविले. धडा संपताच मुलांनी टाळ्या वाजविल्या. ज्याबद्दल नेहमी बोलणी खावी लागतात ती गोष्ट कोणीतरी मान ठेवून शिकविली होती. बटणे लावणे, हात धुणे, टेबल पुसणे, पाणी न सांडता ओतणे ही कामे म्हणूनच त्यांच्या शाळेत अभ्यासाइतकीच मोलाची ठरली. मुलांच्या मापाच्या हलक्या खुर्च्या, हात पोहोचेल अशी कपाटे आणि फुटू शकतील अशी खरीखुरी चिनी मातीची भांडी त्यांनी ठेवली. भांडे फुटते हे कळल्याखेरीज ते जपून धरण्याची गरज मुलाला कशी कळावी?

साधनांमागील विचारही साधा होता. एका वेळी एकच गुण मुलाच्या हाती द्यावयाचा. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एकाच रंगाचे, एकाच आकाराचे. फरक फक्त मापाचा, सर्वांत लहान १ सेंटीमीटरचा तर सर्वांत मोठा १० सेंटीमीटरचा. खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविलेली. मूल त्यांवरून लिहिण्याच्या दिशेने बोट फिरवी आणि उच्चार ऐके. शिक्षिकेने बोलावयाचे अगदी थोडे : प्रथम वस्तू हाती देऊन तिचे नाव सांगावयाचे, नंतर त्या नावाची वस्तू मागावयाची, आणि शेवटी वस्तू दाखवून नाव विचारावयाचे. चुकले तर रागवायचे नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काही महिन्यांनी एका मुलाने खडूने जमिनीवर धुरांडे काढले आणि मग आपोआप शब्द लिहिला. पाहता पाहता इतरही मुले लिहू लागली. वाचन नंतर आले, लेखन आधी. हात मेंदूच्या पुढे धावला होता.

१९०९ साली आपल्या पद्धतीवर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथात बागकामावर आणि प्राणी पाळण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. बी पेरलेल्या मुलाला वाट पाहणे शिकावे लागते. पाणी घालायला आपण विसरलो तर रोप मुकाट्याने मरते, हे त्याला कोणी न सांगता समजते.

हे वाचताना आम्हांला आपल्याकडील लाल भोपळ्याची आठवण झाली. मॉन्टेसरीबाईंच्या साधनांत भोपळा नाही, तथापि त्यांची रीत लावून पाहण्यास याहून स्वस्त वस्तू शोधून सापडणार नाही. अखंड भोपळा मुलाने दोन्ही हातांनी उचलून पाहावा. जड म्हणजे काय हे त्याला सांगावे लागणार नाही. डोळे मिटून त्याच्या फाकींच्या खाचांतून बोटे फिरवावीत. मोठ्यांनी तो विळीवर चिरून दिला की आतला गर आणि तंतू मुलांनी हाताने काढावेत, बिया पाण्यात चोळून धुवाव्यात, सुपात पसरून उन्हात वाळवाव्यात आणि दहादहाच्या राशी करून मोजाव्यात. (अगदी लहानग्यांवर नजर असू द्यावी, बी नाकात घालून पाहण्याचा मोह त्यांना फार.) पावसाच्या प्रारंभी चार बिया अंगणात लावल्या तर आठवडाभरात कोंब वर येतो. वेलीला प्रथम नराची फुले येतात आणि गळून पडतात, मुले हिरमुसतात. मग एखाद्या फुलाच्या बुडाशी लाडवाएवढा हिरवा गोळा दिसतो. ते मादीचे फूल, आणि तोच पुढचा भोपळा. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी ही मुले मग आयुष्यभर विसरत नाहीत, आणि घारगे खाताना आपण खातो ते कोठून आले हेही त्यांना ठाऊक असते. याउलट, छापील कागदावरच्या भोपळ्यात केशरी रंग भरवून घेऊन त्यालाच ‘मॉन्टेसरी’ म्हणणाऱ्या शाळा आज गल्लोगल्ली आहेत. ते नाव कोणीही पाटीवर लिहू शकतो, हे पालकांनी ध्यानी ठेवलेले बरे.

असो. २८ डिसेंबर १९०८ रोजी सिसिली बेटावरील मेसिना शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. अनाथ झालेल्या सुमारे साठ मुलांना रोममधील फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी ह्या धर्मभगिनींनी आपल्या मठात आसरा दिला आणि तेथे मॉन्टेसरी पद्धतीची शाळा उघडली. ही मुले बोलत नसत, जेवत नसत, रात्री किंचाळत उठत. सिस्टरांनी त्यांच्या हाती कामे दिली : ताटे मांडणे, फुले रचणे, बागेत पाणी घालणे. हळूहळू त्यांना भूक लागू लागली, झोप येऊ लागली, हसू फुटले. उपदेशाने जे झाले नसते ते हातांच्या उद्योगाने झाले.

त्यानंतर कीर्ती झपाट्याने पसरली. ग्रंथाची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९१३ साली रोममध्ये पहिला आंतरराष्ट्रीय वर्ग भरला आणि त्याच वर्षाखेर अमेरिकेत त्यांचे जंगी स्वागत झाले. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला गेला. बाहेर प्रेक्षकांची गर्दी आणि आत मुले आपापल्या कामात गढलेली. या धामधुमीत एक गोष्ट मात्र शांतपणे घडली. डिसेंबर १९१२ मध्ये आई निवर्तली आणि त्यानंतर काही महिन्यांतच पंधरा वर्षांचा मारियो आपल्या आईजवळ राहावयास आला. जगापुढे मात्र त्याची ओळख पुतण्या किंवा दत्तक अशीच करून दिली जाई.

कॅथलिक वाचकांना बार्सिलोना येथील प्रयोग विशेष जवळचा वाटेल. १९१६ नंतर तेथे त्यांच्या देखरेखीखाली मुलांसाठी धर्मशिक्षणाचा नवा मार्ग आखला गेला. मुलांच्या उंचीचे चॅपल, लहान खुर्च्या, हात पोहोचेल इतक्या खाली पवित्र पाण्याचे पात्र. त्याहून पुढची कल्पना अशी की, मिस्साबलिदानातील भाकर आणि द्राक्षारस यांची ओळख शब्दांनी न करून देता मातीतून करून द्यावी. शाळेच्या मैदानाचा काही भाग मुलांनी खणला. गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या, भोवताली फुलझाडे. पीक तयार झाल्यावर मुलांनी आपल्या हातांनी कापणी केली आणि त्याचा छोटा उत्सव झाला. वेदीवरील भाकर ही त्या मुलांच्या दृष्टीने ऐकीव गोष्ट राहिली नाही. ह्या अनुभवावर आधारलेले ‘ख्रिस्तसभेत जगणारी मुले’ अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक १९२२ साली निघाले. मुलांना मिस्सा समजावून देणारे पुस्तक १९३२ साली. मुलांना इतके स्वातंत्र्य देणे म्हणजे आदिपापाचा विसर पडणे होय, अशी टीका काही कॅथलिक लेखकांनी केली. उलट, रोममध्ये १९५४ साली सोफिया काव्हालेत्ती व जान्ना गोब्बी यांनी सुरू केलेली ‘उत्तम मेंढपाळाची धर्मशिक्षणपद्धती’ ह्याच बीजातून उगवली आणि आज अनेक देशांतील धर्मग्रामांत रुजली आहे.

त्यांच्या सर्वच निर्णयांचे समर्थन करता येणार नाही. १९२४ साली मुसोलिनीने त्यांच्या शाळांना राजाश्रय देऊ केला व तो त्यांनी स्वीकारला. मुलाला स्वतंत्र बुद्धीने वागू देणारी पद्धती आणि मुलांना सैनिकी गणवेश चढविणारी राजवट यांचे फार दिवस जमणे अशक्यच होते. दहा वर्षांनी, १९३४ साली, संबंध तुटले आणि इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या; जर्मनीत नाझींनी त्या आधीच मिटविण्यास प्रारंभ केला होता. १९३६ साली स्पेनच्या यादवीमुळे बार्सिलोनाही सोडावे लागले आणि नेदरलँड्समध्ये आश्रय मिळाला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी नव्याने घर मांडणे सोपे नसते.

१९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल व त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांच्या निमंत्रणावरून त्या मारियोसह मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. तीन महिन्यांचा वर्ग घ्यावा आणि परत जावे, असा बेत होता. तीनशेहून अधिक शिक्षक जमले; त्यांना बसण्यासाठी ताडपत्रांच्या झोपड्या उभाराव्या लागल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भारतातील इटालियन नागरिक एका रात्रीत ब्रिटिश सरकारचे शत्रू ठरले. मारियो यांना आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले; मॉन्टेसरीबाईंना अड्यारच्या आवाराबाहेर पडण्यास मनाई झाली. जवळजवळ सत्तर वर्षांच्या त्या वृद्धेपासून तिचा आधार पुन्हा एकदा हिरावला गेला.

३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. तुम्हांस काय भेट द्यावी ह्याचा विचार करून आम्ही तुमचा पुत्र तुम्हांला परत करीत आहोत, असा तिचा आशय होता. पुतण्या नव्हे, दत्तक नव्हे, पुत्र! बेचाळीस वर्षे जो शब्द उघडपणे उच्चारण्याची सोय नव्हती तो परक्या सरकारच्या एका तारेने उच्चारला. त्यानंतर तो लपविण्याचे कारणच उरले नाही.

युद्धाची पुढील वर्षे भारतातच गेली. १९४२ ते १९४४ ह्या काळात कोडाईकॅनालच्या डोंगरात मायलेकांनी मुलांसोबत पाने, फुले, किडे, दगड गोळा करून निसर्ग-अभ्यासाची नवी साधने तयार केली. १९४४ साली अहमदाबादला दिलेल्या व्याख्यानांतून त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आकारास आला आणि १९४९ साली मद्रासहून प्रसिद्ध झाला. एक हजाराहून अधिक भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले.

मात्र त्यांची शास्त्रशुद्ध साधने महाग होती आणि आपला देश गरीब. ह्या अडचणीतून वाट काढली ती आपल्याच मातीतील माणसांनी. गुजरातेत गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरी विचार आधीच आणला होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि १९५७ साली ते डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर नेले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. लाकडी ठोकळ्यांच्या जागी त्यांनी गोटे, शंखशिंपले, चिंचोके, पाने आणि काड्या आणल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरू लागली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी कागदोपत्री रुळला आहे, तो ह्या टेकडीच्या परिसरातला.

१९४९ साली मॉन्टेसरीबाई युरोपात परतल्या. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. पारितोषिक काही लाभले नाही. ऐंशी ओलांडल्यावरही प्रवास थांबला नव्हता. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डवाइक ह्या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथे शिक्षकांचा वर्ग घेण्यास जावे की काय ह्याविषयी त्या दिवशीही मारियोशी त्यांचे बोलणे चालले होते. गावातील कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. कबरीवरील इटालियन लेखात मुलांना उद्देशून अशी विनवणी कोरलेली आहे की, त्यांनी त्यांच्यासोबत माणसांत आणि जगात शांती उभारण्यास यावे. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मागे सारे काही मारियोच्या स्वाधीन केले आणि तेथे त्याचा उल्लेख माझा पुत्र असाच केला. मारियो यांनी पुढे तीस वर्षे, १९८२ साली स्वतःचे निधन होईपर्यंत, आईचे कार्य चालविले.